सप्ताहाच्या मंडपातला आवाज: वॅटच्या आधी अंतर मोजा

गावात अखंड हरिनाम सप्ताह ठरला की साउंडवाल्याला पहिला प्रश्न एकच येतो: किती वॅटचा सेट लावणार? पण शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला महाराजांचा शब्द कळणार की नाही, हे मुख्यतः तिच्यापासून जवळचा स्पीकर किती मीटरवर आहे यावर ठरतं. वॅटचा नंबर त्यानंतर लागतो. हा हिशोब मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत होतो, आणि तो न केल्यामुळेच बहुतेक ठिकाणी पुढच्या लोकांचे कान किटतात आणि मागच्यांना नुसता गलका ऐकू येतो.

इथे एकच मंडप धरून चालू. लांबी ३० मीटर, रुंदी १५ मीटर, एका टोकाला स्टेज. महाराज, विणेकरी, पखवाज, दोन्ही बाजूंना टाळकरी. आवाजासाठी बारा इंची टॉप, म्हणजे उंचावर ठेवायचे स्पीकरचे खोके, ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप).

टॉपच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो, समजा ९७ डेसिबल. अर्थ असा की स्पीकरला १ वॅट दिला आणि १ मीटरवर आवाज मोजायचा मीटर धरला तर ९७ डेसिबल दिसतील. वॅटच्या आकड्याकडे सगळे बघतात आणि याच्याकडे कोणी बघत नाही, पण खरेदी करताना आधी हाच बघावा. ९७ वाला आणि ९१ वाला यांच्यात ६ डेसिबलचा फरक आहे. म्हणजे ९७ वाला १०० वॅटवर जेवढा आवाज काढतो तेवढ्यासाठी ९१ वाल्याला ४०० वॅट लागतात. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारांत छापलेला आकडा हिशोबात धरूच नका, त्याला कसलंही प्रमाणित मोजमाप नाही.

पुढचं सगळं काम काही सवयीच्या आकड्यांवर होतं. वॅट दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, चौपट झाले की ६, दहापट झाले की १०, शंभरपट झाले की २०. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, दहापट झालं की २०. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॅट. २०० वॅटचा ॲम्प्लिफायर (ॲम्प) काढून ४०० चा बसवला तर ३ डेसिबल मिळतात; फरक जाणवतो, पण पैशांच्या मानाने फार थोडा. मधल्या आकड्यांसाठी सूत्र असं: सेन्सिटिव्हिटीत वॅटचा लॉग (कॅल्क्युलेटरवरचं 'log' बटण) गुणिले १० मिळवा, अंतराचा लॉग गुणिले २० वजा करा.

आता मंडपात लावून बघू. टाळ-मृदंगाचा भर ओसरून निरूपण सुरू झालं तरी भरलेल्या मंडपात लोकांची कुजबुज, लहान पोरं, पंखे मिळून साधारण ६० ते ६५ डेसिबलची पातळी असते. शब्द स्वच्छ कळायला त्याच्या वर किमान १५ डेसिबल हवेत. म्हणून शेवटच्या रांगेत सरासरी ८० धरू. बोलण्या-गाण्यातले क्षणिक उंच टोक सरासरीच्या १२ ते १५ डेसिबल वर जातात, तेव्हा ॲम्पकडे ९५ पर्यंतची ताकद शिल्लक असावी लागते.

सगळे टॉप स्टेजपाशी ठेवले तर शेवटची रांग ३० मीटरवर. ३० चा लॉग १.४८, गुणिले २० म्हणजे २९.५ डेसिबल वाटेत गेले. ९५ मध्ये २९.५ मिळवून ९७ वजा केले की २७.५ उरतात. तेवढे वॅटमधून काढायचे तर एका टॉपला सुमारे ५६० वॅट लागतात. एवढं झेलणारा टॉप मिळेलही, पण पुढच्या रांगेचं काय? ३ मीटरवर बसलेल्या माणसाला शेवटच्यापेक्षा २० डेसिबल जास्त मिळणार, म्हणजे सरासरी १०० आणि टोकं ११५. लोक पुढची जागा सोडून मागे सरकतात त्याचं कारण हेच.

तेच टॉप दोन जोड्यांत विभागा. एक जोडी स्टेजपाशी, दुसरी मंडपाच्या मध्यावर १५ मीटरवर, तोंड मागच्या दिशेला. आता कोणताही श्रोता आपल्या जोडीपासून १५ मीटरपेक्षा लांब नाही. १५ मीटरची घट २३.५ डेसिबल, हिशोबाने टॉपमागे सुमारे १४० वॅट. चौथा भाग. पुढच्या आणि मागच्या रांगेतला फरकही २० वरून १४ वर आला. टॉप उंचावर, साधारण अडीच-तीन मीटरवर, आणि तोंड किंचित खाली, शेवटच्या रांगेच्या डोक्यांकडे करून ठेवला तर तो फरक आणखी कमी होतो, कारण पुढच्या रांगेवरून आवाजाचा मुख्य झोत वरून निघून जातो. टॉप जमिनीलगत ठेवला तर पुढच्या दोन रांगांतली माणसंच 'स' आणि 'श' शोषून घेतात. मागे फक्त 'आ' आणि 'ओ' पोचतात, शब्द पोचत नाहीत.

१४० वॅटचा हिशोब थंड कॉईलचा, म्हणजे स्पीकरमधल्या तांब्याच्या वेटोळ्याचा आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सलग चाललेल्या टॉपची कॉईल २०० अंशांनी तापली तर ८ ओहमच्या टॉपमधली, मीटरवर ६ ओहम दाखवणारी कॉईल १०.७ ओहमची होते आणि तेवढ्याच व्होल्टवर कमी वॅट ओढते. दोन तासांनी आवाज 'बसला' असं वाटतं त्याचं हे एक कारण. म्हणून ३ डेसिबल उष्णतेसाठी बाजूला ठेवा, म्हणजे टॉपमागे २५० ते २८० वॅट. २५० वॅट सतत झेलणारा टॉप आणि ४ ओहमवर चॅनलमागे ५०० वॅट देणारा दोन चॅनलचा एकच ॲम्प या मंडपाला पुरतो.

मधल्या जोडीचा डिले

मधली जोडी लावली आणि तशीच सुरू केली की मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. वायरमधून सिग्नल क्षणात पोचतो, पण पुढच्या टॉपचा आवाज हवेतून चालत येतो. ३० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, म्हणजे एका मीटरला २.८६ मिलिसेकंद. १५ मीटरला ४३. मधल्या जोडीला एवढा डिले, म्हणजे उशीर, दिला की दोन्ही आवाज एकत्र येतात. त्यात आणखी १० मिलिसेकंद घालावेत, म्हणजे ५३. मग मागच्या माणसालाही आवाज स्टेजकडूनच येतोय असं वाटतं, कारण आधी पोचलेल्या आवाजाकडे कान दिशा धरतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये गॉटिंगेनच्या प्रबंधात हे मोजून दाखवलं, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. मागाहून येणारा आवाज थोडा मोठा असला तरी ही फसवणूक टिकते. हिवाळ्यात पहाटे १५ अंश असले तरी १५ मीटरला फरक जेमतेम एक मिलिसेकंदाचा पडतो, त्यासाठी डिले बदलत बसू नका.

यातून वायरिंगचा एक नियम निघतो आणि तो हमखास चुकतो. पुढचा डावा आणि मागचा डावा टॉप एकाच चॅनलला जोडला तर दोघांना वेगळा डिले देताच येत नाही. म्हणून 'ए' चॅनलला पुढचे दोन्ही, 'बी' चॅनलला मधले दोन्ही. कीर्तनाला स्टिरिओची गरज नाही. उलट स्टिरिओ ठेवला आणि पखवाज एका बाजूला नेला तर अर्ध्या मंडपाला ठेकाच ऐकू येत नाही.

ओहम, आणि वायर

दोन ८ ओहम समांतर जोडले की ४ ओहम. तीन जोडले की २.६७, चार जोडले की २. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, दोन जोडले की १६. ॲम्पवर 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर चॅनलला दोनच टॉप, तिसरा नाही. ॲम्प ब्रिजवर, म्हणजे दोन्ही चॅनल जोडून एक करून, चालवला तर प्रत्येक अर्ध्या भागाला निम्माच लोड दिसतो. ब्रिजवर ४ ओहम म्हणजे आतल्या प्रत्येक चॅनलला २ ओहम. ब्रिज करून दोन टॉप समांतर लावले आणि अर्ध्या तासात ॲम्प 'प्रोटेक्ट'वर गेला, म्हणजे स्वतःहून बंद पडला, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मल्टिमीटरने ८ ओहमचा स्पीकर मोजला तर ५.५ ते ६.५ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. तो खराब नाही. मीटर फक्त कॉईलच्या तारेचा रोध मोजतो. स्पीकरचा खरा इम्पीडन्स, म्हणजे चालू आवाजात होणारा विरोध, सुरानुसार बदलतो, खालच्या अनुनादापाशी ३०-४० ओहमपर्यंतही चढतो, आणि पट्टीवरचा '८' हा त्याचा ठोकळ आकडा आहे. ॲम्प बंद ठेवून, वायर ॲम्पच्या टोकाकडून सोडवून मोजा. दोन टॉपच्या जोडीला साधारण ३ यायला हवेत. ६ आले तर एक टॉप तुटलेला आहे, शून्याजवळ आले तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. ही तपासणी ॲम्प सुरू करण्याआधीची. नंतर केली तर ॲम्पची दुरुस्तीच करावी लागते.

५०० वॅट ४ ओहमला म्हणजे ४४.७ व्होल्ट आणि ११ अँपिअर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ काढलं की व्होल्ट. व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर. हे ११ अँपिअर डोळ्यांसमोर ठेवून वायर निवडा. तांब्याच्या वायरचा रोध काढायचा तर ०.०१७५ गुणिले लांबी, भागिले तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये (बाजारातला 'स्क्वेअर'). लांबी जाऊन-येऊन धरायची, हे विसरलं की उत्तर निम्मं येतं. ॲम्पपासून मधल्या जोडीपर्यंत खांबावर चढून, कडेने फिरून, पुन्हा उतरून वायर ३० मीटर लागते असं धरा, म्हणजे तांबं ६० मीटर.

पाऊण स्क्वेअर एमएमच्या पातळ जुळ्या वायरीने १.४ ओहम होतात. ४ ओहमच्या जोडीला मग ४ भागिले ५.४, म्हणजे ७४ टक्के व्होल्ट मिळतात आणि वॅट त्याच्या वर्गाने, जेमतेम ५५ टक्के. २.६ डेसिबल वायरीतच गेले. ॲम्पची जवळजवळ निम्मी किंमत वायर गिळते. दीड स्क्वेअरला ०.७ ओहम, वॅट ७२ टक्के, तोटा १.४ डेसिबल. अडीच स्क्वेअरला ०.४२ ओहम, तोटा ०.९. चार स्क्वेअरला तोटा अर्ध्या डेसिबलच्या आसपास. मंडपाच्या कामात १ डेसिबलच्या आत तोटा ठेवावा, तेव्हा इथे अडीच स्क्वेअर बरोबर. नसेल तर दीडच्याच दोन वेगळ्या वायरी ॲम्पपासून प्रत्येक टॉपला न्या. प्रत्येकीवर ८ ओहमचाच लोड पडतो आणि तोटा ०.७ वर येतो. बाजारात वरून तांब्याचा रंग असलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्तात मिळते. ॲल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो, हिशोबात तसं धरा.

मधल्या सांध्यांकडे मात्र बारकाईने बघा. दोन तारा पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा, रात्रीच्या दवाने थोडा काळवंडलेला, सहज अर्धा ओहम रोध दाखवू शकतो. ४४.७ व्होल्टला ४.५ ओहमने भागलं तर १० अँपिअर. १० चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे फुल आवाजात त्या बोटभर सांध्यात ५० वॅट उष्णता. कीर्तनात सरासरी वापर फुलच्या आठव्या भागाएवढा धरला तरी ६ वॅट. काळ्या पट्टीचा चिकटा पातळ होऊन बाजूने ओघळलेला दिसतो, तो याच उष्णतेने. तापल्यावर तांबं काळं पडतं, रोध वाढतो, आणखी तापतं. शेवटी गजर टिपेला पोचलेला असताना एक बाजू कुरकुरून बंद पडते. सांधा सोल्डर करा किंवा स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळा. तेही नको असेल तर वायर अखंडच घ्या.

जोडताना प्लस-मायनस उलट झालं तर काहीही जळत नाही, म्हणून ही चूक आठवडाभर टिकते. एका जोडीतला एक टॉप उलटा असला की दोघांच्या मधोमध बसलेल्यांना आवाज पोकळ, बेस नाहीसा झालेला वाटतो. १.५ व्होल्टचा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस वायरीच्या प्लसला असेल तर बारा इंची कोन बाहेर यायला हवा. ट्विटर (वरच्या सुरांचा लहान स्पीकर) किंवा कर्ण्याच्या युनिटवर हा प्रयोग करू नका.

गावातले कर्णे आणि १०० व्होल्टची लाइन

मंडपाबाहेर, वाड्या-वस्त्यांकडे तोंड करून कर्णे लावायची पद्धत आहे. इथे वायर २०० मीटर सहज लागते. १ स्क्वेअरची वायर, जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे ७ ओहम. ८ ओहमचा कर्णा थेट जोडला तर ८ भागिले १५, निम्मेच व्होल्ट पोचतात आणि वॅट २८ टक्के. हाच प्रश्न वीज कंपनी उच्च दाबाच्या लाइनने सोडवते, आणि साउंडमध्ये १०० व्होल्टच्या लाइनने. ॲम्पच्या मागे '१०० व्होल्ट' लिहिलेलं टोक असतं आणि प्रत्येक कर्ण्याला लाइन ट्रान्सफॉर्मर.

इथला हिशोब तर आणखी सोपा. ओहम विसरा, वॅटची बेरीज करा. ८ कर्णे, प्रत्येकाचा टॅप, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचं वॅट निवडायचं टोक, १५ वॅटवर, एकूण १२०. ॲम्प १६० वॅटचा. बेरीज ॲम्पच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायची. १६० चे ८० टक्के १२८, बरोबर बसलं. ओहममध्ये बघायचं तर १०० चा वर्ग भागिले वॅट: १०,००० भागिले १२० म्हणजे ८३ ओहम, आणि ॲम्पची मर्यादा ६२.५. सगळे कर्णे वायरीच्या अगदी शेवटी आहेत असं धरलं तरी त्या ७ ओहमच्या वायरीत तोटा फक्त ०.७ डेसिबलचा. वाटेवर पसरलेले असले तर आणखी कमी.

दोन चुका महाग पडतात. पहिली, १०० व्होल्टच्या लाइनला ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा स्पीकर जोडणं. १०,००० भागिले ८, म्हणजे तो १२५० वॅट मागतो. कॉईल जाते किंवा ॲम्पचा फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी तार घातलेली असेल तर ॲम्पच जातो. दुसरी, ट्रान्सफॉर्मरचा ७० व्होल्टचा टॅप १०० च्या लाइनला लावणं. त्यावर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट ओढला जातो आणि सगळी बेरीज चुकते. या लाइनवर मल्टिमीटरचा ओहम वाचूनही फसगत होते, कारण तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रोध दाखवतो, लोड नाही. त्यासाठी इम्पीडन्स मीटर वेगळा मिळतो.

कर्ण्याचं युनिट जळण्यापेक्षा फाटतं जास्त, आणि फाडतो तो बहुधा पखवाज. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली गेला की पडद्याला चौपट हलावं लागतं. कर्ण्याचा भोंगा खालच्या सुराला आधार देत नाही, म्हणून कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा आला की बिचारा डायफ्राम मोकळाच फडफडतो. उपाय म्हणजे युनिटला सिरीजमध्ये एक कपॅसिटर. सूत्र: १ भागिले (६.२८ गुणिले सूर गुणिले ओहम). ४०० हर्ट्झला १६ ओहमच्या युनिटला २५ मायक्रोफॅरड, ८ ओहमच्याला ५०. कपॅसिटर नॉन-पोलर, १०० व्होल्टचा घ्या. प्लस-मायनसवाला साधा घातला तर फुगतो. मिक्सरवर लो-कट, म्हणजे खालचे सूर कापायची सोय, असेल तर कर्ण्याच्या आउटपुटला तोही लावा. लाइन ट्रान्सफॉर्मरसुद्धा खालच्या सुरांना भरून जातो आणि ॲम्पला जवळजवळ शॉर्टसारखा दिसतो, म्हणून हा कट दोघांनाही वाचवतो.

आता तोच कर्णा किती लांब ऐकू जातो ते बघा. त्याची सेन्सिटिव्हिटी सुमारे १०८, म्हणजे आपल्या टॉपपेक्षा ११ डेसिबल जास्त. ३० वॅट दिले की १ मीटरवर जवळजवळ १२३. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते चालतं. म्हणजे निवासी भागात ६५. १२३ वरून ६५ वर यायला ५८ डेसिबल घटावे लागतात आणि मोकळ्या माळावर कर्ण्याच्या तोंडासमोर त्याला सुमारे ८०० मीटर लागतात. वारा, झाडं, घरं यांनी फरक पडेल, तरी एक कर्णा किती मोठी गोष्ट आहे हे या आकड्यावरून कळतं. लांबच्या वस्तीसाठी देवळावरचा एक कर्णा ३० वॅटवर ठेवण्यापेक्षा वस्तीजवळचे चार कर्णे २-३ वॅटच्या टॅपवर ठेवा. वस्तीला शब्द नीट कळतात आणि वाटेत घर असलेल्या आजारी माणसाला त्रास होत नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी खाली, दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत देऊ शकतं, पण ती जाहीर झालेल्या दिवसांनाच. सहाच्या आतला काकडा बिनमाईकचा व्हायला हवा. पहाटेच्या शांततेत टाळांचा आवाज तसाही दूर जातो, आणि माझ्या मते काकडा तसाच जास्त गोड लागतो.

माईक शिट्टी मारतो तेव्हा

शिट्टी थांबवायला ॲम्प बदलून उपयोग नाही. स्पीकरमधून निघून माईकवर परत येणारा आवाज मूळ आवाजाएवढा झाला की शिट्टी सुरू होते, मग ॲम्प ५० वॅटचा असो की ५००० चा. किती आवाज काढता येईल ते चार अंतरं ठरवतात: माईकपासून स्पीकर, बोलणाऱ्यापासून शेवटचा श्रोता, स्पीकरपासून तो श्रोता, आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून माईक. पहिल्या दोन अंतरांचा गुणाकार भागिले शेवटच्या दोनांचा गुणाकार, त्याचा लॉग गुणिले २०, आणि त्यातून सुरक्षेसाठी ६ वजा.

पुढची जोडी माईकपासून ४ मीटर अंतरावर आहे. त्या जोडीचा शेवटचा श्रोता महाराजांपासून १८ मीटरवर, टॉपपासून १५ मीटरवर. माईक तोंडापासून ३० सेंटिमीटर. ७२ भागिले ४.५ म्हणजे १६. त्याचे २४ डेसिबल, वजा ६, उरले १८. आता १८ मीटरवरच्या माणसाला महाराज २ मीटरवर बसल्यासारखे ऐकू यायचे तर १८ भागिले २, म्हणजे १९ डेसिबल हवेत. एक कमी पडला, काठावरची स्थिती. माईक १५ सेंटिमीटरवर आणला की ६ डेसिबल वाढतात आणि ५ शिल्लक राहतात. फुकटात.

पण हा एका माईकचा हिशोब झाला. उघडे माईक दुप्पट झाले की ३ डेसिबल जातात. पखवाजाला दोन, गायकांना दोन, टाळकऱ्यांना तीन, महाराजांना एक, असे आठ माईक पूर्ण उघडे ठेवले तर ९ डेसिबल गेले आणि १८ चे ९ उरले. निरूपण सुरू झालं की टाळकऱ्यांचे आणि गायकांचे माईक खाली ओढणं हे ऑपरेटरचं सर्वांत मोलाचं काम. अभंगाचं चरण येण्याआधी ते परत वर. यासाठी त्याला कीर्तन कळावं लागतं. मोबाइल बघत बसलेल्या ऑपरेटरला कितीही महागडा मिक्सर वाचवू शकत नाही.

मिक्सर आणि ॲम्पच्या मध्ये एक छोटा हिशोब राहिला. आपला ॲम्प ०.७७५ व्होल्ट इनपुटला पूर्ण ४४.७ व्होल्ट देतो असं धरा, म्हणजे ५८ पट. बऱ्याच मिक्सरचा मीटर शून्यावर असतो तेव्हा बाहेर १.२३ व्होल्ट येतात. १.२३ गुणिले ५८ म्हणजे ७१ व्होल्ट, ते ॲम्पकडे नाहीतच. मीटर हिरव्यातच दिसतो आणि ॲम्प मात्र वरची टोकं छाटत असतो. छाटलेली लाट चौकोनाकडे झुकते, आणि पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेच्या दुप्पट वॅट असतात. शिवाय छाटण्यातून वरचे सूर तयार होतात आणि ते टॉपमधल्या, सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधून थेट ट्विटरकडे जातात. १०० वॅटच्या लहान ॲम्पने २०० वॅटच्या टॉपचा ट्विटर जळतो तो असा. ॲम्पचा नॉब खाली आणून, मिक्सर शून्यावर असताना छाटणी दाखवणारा क्लिपचा लाल दिवा लागणार नाही एवढाच ठेवा. गजर टिपेला असताना तो क्षणभर लुकलुकला तर चालेल, पेटून राहिला तर नाही.

जनरेटर

दोन्ही चॅनल मिळून १००० वॅट म्हणजे जनरेटरही तेवढाच ओढणार, असं नाही. निरूपणात सरासरी आठवा भाग, १२५ वॅट स्पीकरला जातात. जुन्या पद्धतीच्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पची कार्यक्षमता तेवढ्या पातळीला फार तर २८ टक्के असते, म्हणून आत सुमारे ४५० वॅट जातात आणि बाकीचे हीटसिंकमधून बाहेर पडतात. ॲम्प हवेशीर ठेवा म्हणतात ते याचसाठी. सतरंजीखाली झाकलेला ॲम्प प्रोटेक्टवर जातो. गजरात एकतृतीयांशापर्यंत चढलं तर ७३५ वॅट, मिक्सर वगैरेचे १०० धरून ८३५. ॲम्पचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.६५ धरला तर जवळजवळ १३०० व्हीए, जनरेटरची क्षमता याच मापात लिहितात. साउंडला एकट्याला २ केव्हीएचा जनरेटर पुरतो. मंडपातले दिवे आणि पंखे वेगळ्या लाइनवर घ्या, नाहीतर मोठा पंखा सुरू होताना व्होल्टेज बसतं आणि मिक्सर रीसेट होतो. अर्थिंग मात्र एकाच ठिकाणचं ठेवा, दोन ठिकाणी केलं की माईकमध्ये गुणगुण येते.

सुरू करताना आधी मिक्सर, मग डिले, आणि अर्ध्या मिनिटाने ॲम्प, नॉब शून्यावर ठेवून. एकाहून जास्त ॲम्प असतील तर एकेक करून, कारण सुरुवातीचा झटका जनरेटरला सहन होत नाही. बंद करताना उलट: ॲम्प आधी, मिक्सर शेवटी.